जुन्नर-आंबेगावात कॅमेरा हाती घेताना

छायाचित्रण शिकायला लडाख किंवा रणथंबोर गाठण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके शेजारी शेजारी आहेत. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, धुके आणि भातखाचरे. मध्ये कुकडी, मीना आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे अशी धरणे. पूर्वेला नारायणगाव-मंचर पट्ट्यातला ऊस आणि टोमॅटो. किल्ला, लेणी, धबधबा, शेकरू, बैलगाडा आणि तारांकित आकाश हे सगळे विषय इथे एका दिवसाच्या टप्प्यात मिळतात आणि प्रत्येक ठिकाण कॅमेऱ्याची एखादी वेगळी बाब शिकवते.

नवख्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "कॅमेरा कोणता घेऊ?" त्याचे उत्तर आधी देतो आणि मग खऱ्या शिक्षणाकडे, म्हणजे प्रकाशाकडे वळतो.

पहिला कॅमेरा कोणता?

खिशातल्या मोबाइलपासून सुरुवात करा. त्यात ग्रिडच्या रेषा चालू करा, प्रो मोड असेल तर तो उघडा, आणि दोन-तीन महिने चौकट, प्रकाश आणि वेळ यांचाच सराव करा. हात बसला आणि मोबाइल अपुरा पडू लागला, की कॅमेऱ्याचा विचार करा. दूरचा पक्षी, वेगाने पळणारा बैल किंवा रात्रीचे आकाश टिपायचे असेल तर तो अपुरा पडतोच.

कॅनन, निकॉन या कंपन्यांचा भर आता मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे चांगल्या स्थितीतले वापरलेले डीएसएलआर कमी पैशांत मिळतात. शिकण्यासाठी ते पुरेसे आहेत. मात्र जुना माल डोळसपणे घ्या. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, अशी लेन्स घेऊ नका. एफ/१६ ठेवून कोऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसेल. शटर किती वेळा पडले आहे तो आकडा विचारा, आणि बॅटरी फुगलेली नाही ना, तेही पाहा.

तीन आकड्यांचा हिशोब

फोटोत किती प्रकाश उतरणार हे तीन गोष्टी ठरवतात. ॲपर्चर म्हणजे लेन्समधले छिद्र. एफचा आकडा लहान असला की छिद्र मोठे असते. शटर म्हणजे सेन्सरपुढचा पडदा किती वेळ उघडा राहणार. आयएसओ वाढवला की कमी उजेडातही फोटो उजळतो, पण दाणे दिसू लागतात.

हिशोब दुपटीचा आहे. शटर १/१२५ सेकंदावरून १/२५० वर नेले की प्रकाश निम्मा होतो. ॲपर्चर एफ/५.६ वरून एफ/८ वर नेले तरी निम्माच होतो. आयएसओ २०० वरून ४०० केला की फोटो दुप्पट उजळतो. एका ठिकाणी कमी केलेले दुसऱ्या ठिकाणी भरून काढायचे, एवढेच सूत्र आहे. समजा, भातखाचराचा फोटो एफ/८ आणि १/२५० ला नीट येतो आहे. पुढच्या बांधापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळे अधिक स्पष्ट हवे म्हणून एफ/११ केले, तर शटर १/१२५ करा. उजेड तेवढाच राहील.

सुरुवातीला ॲपर्चर प्रायॉरिटी हा मोड वापरा. छिद्र तुम्ही ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवेल. शटरच्या आकड्यावर लक्ष मात्र ठेवा. हातात धरून फोटो काढताना शटरच्या अपूर्णांकाचा खालचा आकडा लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तो दीडपट धरावा. म्हणजे २०० मिमीच्या लेन्सला निदान १/३०० सेकंद हवे. लेन्समध्ये कंप रोखण्याची सोय असेल तर थोडी सवलत मिळते.

माळशेज घाटात धुक्याचे फोटो मळकट राखाडी येतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरतो आणि पांढऱ्या धुक्यालाही राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ च्या आसपास ठेवले की धुके पुन्हा पांढरे होते. काळ्या कातळाने चौकट भरली असेल तर उलट करायचे, थोडे उणे जायचे.

शिवनेरी आणि लेण्याद्री: दिशा ओळखा

शिवनेरी जुन्नर शहराच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे सकाळचे ऊन शहराकडच्या कड्यावर थेट पडते. तटबंदी, कातळाचे थर आणि त्यावरचे गवत तेव्हा उठून दिसते. संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो, कड्याचा तपशील काळोखात बुडतो आणि फक्त आकार उरतो. दोन्ही फोटो चांगलेच, पण कोणता हवा हे ठरवून घराबाहेर पडायचे. शिवजन्मस्थळाच्या इमारतीपुढे किंवा सात दरवाजांपैकी एखाद्यापुढे उभे राहिलात, तर कॅमेरा वर उचलून तिरपा करू नका, भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा मागे सरका आणि कॅमेरा सरळ धरा.

कुकडीपलीकडची लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर वर्षभराचे वेळापत्रक हाती येते. जुन्नर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो, म्हणून दर्शनी भागाला समोरून ऊन मिळते. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये किंचित उत्तरेला सरकतो. तेव्हा भर दुपारी लेण्यांचा दर्शनी भाग सावलीत असतो. लेण्याद्रीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, ते यासाठी.

सहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात खांब आणि स्तूप अंधारात आणि दार लख्ख उजेडात, असा पेच पडतो. फ्लॅश मारला तर कोरीव खांब सपाट होतात. त्यापेक्षा आयएसओ १६०० पर्यंत वाढवा, पाठ भिंतीला न टेकवता गुडघा जमिनीवर टेका, कोपर दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि श्वास सोडताना बटण दाबा. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या, स्वरूपात फोटो घेतला तर सावलीतला बराच तपशील नंतर उजळता येतो. ही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे ट्रायपॉडसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे मंदिर आहे. तिथे देवस्थानाचा नियम पाळायचा आणि दर्शनाच्या रांगेत कॅमेरा आडवा आणायचा नाही.

नाणेघाट: अक्षरांवरचा तिरका प्रकाश

नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. कोकणातून वर येणाऱ्या मालाची जकात इथे घेतली जाई, असे मानतात आणि तिथला दगडी रांजण त्याची खूण म्हणून दाखवतात. घाटातल्या गुहेच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे.

या शिलालेखाचा फोटो बहुतेकांना जमत नाही. समोरून उजेड पडला की कोरलेली अक्षरे आणि भिंत एकसारखी दिसतात. अक्षर दिसते ते त्याच्या खाचेत सावली पडली तरच. म्हणून सोबत्याला लहान टॉर्च घेऊन भिंतीच्या कडेला उभे करा. उजेड भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने येऊ द्या. टॉर्च थोडी पुढे-मागे केली की एका क्षणी ओळीमागून ओळ उमटू लागते. कॅमेरा मात्र भिंतीसमोर सरळ, एफ/८ वर ठेवा, म्हणजे कडेपर्यंतची अक्षरे स्पष्ट येतील. अक्षरे उठावीत म्हणून त्यांवर खडू, पाणी किंवा भंडारा कधीही लावू नका. हातही लावू नका. दोन हजार वर्षे टिकलेला ठेवा एका फोटोसाठी झिजवण्याचा हक्क कुणालाच नाही.

पावसाळ्यात इथला उलटा धबधबा पाहायला गर्दी लोटते. कोकणातून वर येणारा वारा कड्यावरून पडणारे पाणी पुन्हा वर फेकतो. हे उडणारे तुषार गोठवायचे तर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागते. शटर अर्ध्या सेकंदापर्यंत संथ केले तर त्यांचे धुके होते आणि पाणी उलटे जाते आहे हेच कळेनासे होते. इथे जलद शटरच योग्य. याउलट, आडोशाच्या ओढ्यावरचा शांत धबधबा पाव ते एक सेकंदाला रेशमी दिसतो. त्यासाठी ट्रायपॉड लागतो, आणि दिवसा उजेड फार असल्यास तो कमी करणारा एनडी फिल्टर. पोलरायझर लावला की ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी कमी होऊन हिरवा रंग गडद होतो.

वाऱ्यात ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. वजनासाठी पिशवी टांगलीत तर तिचा तळ जमिनीला टेकू द्या, नाहीतर तिच्या झोक्यानेच कॅमेरा हलतो. कड्याच्या टोकाला मात्र जाऊच नका. तिथे शेवाळ असते आणि वारा माणसाला ढकलतो. पावसाळ्यात धोक्याच्या जागी प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, घरातून निघण्याआधी ते वाचा.

भीमाशंकर: शेकरूसाठी थांबणे

आंबेगाव-खेडच्या हद्दीवरचे भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे जंगल महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याचे घर आहे. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि लांब झुपकेदार शेपूट असलेली ही मोठी खार आयुष्याचा बहुतेक काळ झाडांच्या शेंड्यांवर काढते.

शेकरू सकाळी लवकर आणि दुपार कलताना जास्त हालचाल करतो. त्याच्यामागे पळायचे नसते. काटक्या-पानांचे गोल घरटे किंवा फळांनी लगडलेले झाड हेरावे, थोडे दूर बसावे आणि आवाज ऐकावा. त्याची खडखडीत हाक आधी येते, मग फांदी हलते. आता अडचण उजेडाची. तुम्ही खालून वर पाहता, मागे पांढरे आकाश असते, त्यामुळे मीटर फसतो आणि शेकरू काळा ठिपका होतो. कॉम्पेन्सेशन +१ किंवा त्याहून थोडे अधिक ठेवा. शटर १/५०० च्या खाली जाऊ देऊ नका, त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० झाला तरी चालेल. दाणेदार फोटो वापरता येतो, हललेला येत नाही. फोकसचा एकच ठिपका निवडून तो डोळ्यावर ठेवा. ७०-३०० मिमीसारखी लेन्स इथे पुरते.

शेकरूला बिस्किटे, शेंगदाणे देऊन खाली बोलावणे हा त्याच्याशी केलेला अन्याय आहे. माणसाच्या हाताची सवय लागलेला प्राणी कुत्र्याच्या तोंडी जातो.

बैलगाड्याचा घाट: वेग टिपणे

चैत्र-वैशाखातल्या यात्रा म्हणजे या भागाचा जीव. २०१४ साली बंद झालेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी सुटते, पुढे घोडी पळते, भंडारा उधळतो आणि काही सेकंदांत सगळे संपते.

वेग टिपण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, सगळे गोठवणे. १/१००० ते १/१६०० ला बैलांचे चारही पाय हवेत पकडता येतात आणि मातीचे ढेकूळसुद्धा स्पष्ट दिसते. दुसरी, पॅनिंग. शटर १/६० ते १/१०० ठेवा. धावेला काटकोनात, बाजूला उभे राहा. पाय रोवा आणि फक्त कमरेतून वळा. गाडा दुरून येत असतानाच त्याला चौकटीत घ्या, त्याच्याच वेगाने कॅमेरा फिरवत राहा, समोर आला की बटण दाबा आणि दाबल्यावरही फिरवणे थांबवू नका. बैलाचे डोके स्पष्ट आणि मागची गर्दी आडव्या रंगरेषांत विरघळलेली, असा फोटो मिळाला की वेग डोळ्यांना जाणवतो. यात बरेच फोटो वाया जातात, म्हणून सतत फोकस आणि सलग फोटोंचा मोड चालू ठेवा.

धावपट्टीत किंवा गाडे थांबतात त्या टोकाला उभे राहू नका. उधळलेला गाडा वळवता येत नाही. आणि भंडारा उडत असताना लेन्स बदलू नका, ती पूड सेन्सरवर बसते.

रात्रीचे आकाश आणि काजवे

नाणेघाट किंवा आंबेगावातल्या आहुप्याच्या बाजूला अमावास्येच्या आसपास आकाश चांगले काळे मिळते. तारे रेघा न होता ठिपके राहावेत यासाठी एक सोपा हिशोब आहे. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, लहान सेन्सर असेल तर मिलिमीटर आधी दीडपट करा. १८ मिमीसाठी ५०० भागिले २७, म्हणजे साधारण १८ सेकंद. ॲपर्चर पूर्ण उघडे, आयएसओ ३२००, फोकस हाताने. पडद्यावर एखादा तेजस्वी तारा मोठा करून तो बारीक ठिपका होईपर्यंत लेन्सची कडी फिरवा. आकाशगंगेचा भरगच्च भाग फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे दिसतो, मेमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास चांगला वर येतो आणि मग पावसाळा आकाश झाकतो.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. ती अवकाशातल्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपते. मोबाइल, वाय-फाय, ब्लूटूथ यांचा तिला अडथळा होतो. त्या परिसरात ही साधने बंद ठेवा आणि सूचना पाळा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरते.

मेच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या सुमारास, भीमाशंकर-आहुप्याच्या झाडांवर काजवे चमकतात. ट्रायपॉडवर कॅमेरा स्थिर ठेवून २० ते ३० सेकंदांचे अनेक फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक चढवायचे. टॉर्च, गाडीचे दिवे आणि फ्लॅश पूर्ण बंद. काजव्यांचे चमकणे म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक आहे, आपल्या उजेडात ती हरवते. पायवाट सोडू नका, त्यांच्या माद्या आणि अळ्या जमिनीवर असतात.

बिबट्याचा फोटो नको

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात, आणि इथला ऊस बिबट्याचा अधिवास झाला आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. इथे माणसे दगावली आहेत, लहान मुलेही दगावली आहेत. म्हणून नवशिक्यांना कळकळीची विनंती आहे, उसाच्या कडेला संध्याकाळी कॅमेरा घेऊन बसू नका. वाकून किंवा खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान भासतो. ऊसतोडणीत बछडी सापडली तर त्यांना उचलून सेल्फी काढू नका. आई जवळच असते. वनविभाग बछडी तिथेच ठेवून त्यांची आईशी भेट घडवतो. १९२६ या हेल्पलाइनवर कळवा आणि दूर व्हा.

पावसाळ्यात साधने जपा

सह्याद्रीतल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, आणि धरली की काढणे महागात पडते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. चामड्याच्या बॅगेत महिनोन्महिने कॅमेरा बंद करून ठेवू नका.

एसी गाडीतून दमट हवेत उतरताच लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बंद पिशवीत २०-३० मिनिटे तसाच ठेवा, तापमान जुळले की मग काढा. पावसात रेनकव्हर नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरतो.

माणसांचे फोटो

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कॅरेटच्या थप्प्या आणि हमालांची लगबग, पश्चिमेच्या गावांत भाताची आवणी, उन्हाळ्यात हिरडा गोळा करणारी महादेव कोळी कुटुंबे, यात्रांच्या सुपाऱ्या ठरवणाऱ्या तमाशा फडांच्या राहुट्या. ३५ किंवा ५० मिमीची लेन्स इथे उत्तम, कारण ती तुम्हाला माणसाच्या जवळ जायला लावते. आधी बोला, काम समजून घ्या, विचारा, मग कॅमेरा उचला. नाही म्हणाले तर आभार मानून पुढे जा. चिखलात वाकलेल्या बाईचा फोटो तिच्या नकळत काढून बक्षीस मिळवण्यात मोठेपणा नाही. गावावर ड्रोन उडवण्याआधी परवानगी घ्या आणि ग्रामपंचायतीला कळवा. रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनने लोक घाबरतात. अभयारण्यात आणि संरक्षित स्मारकांवर तर परवानगीशिवाय ड्रोन नकोच.

खरेदीचा क्रम

१. हातातला मोबाइल किंवा वापरलेला डीएसएलआर, सोबतची १८-५५ मिमी लेन्स.
२. मजबूत ट्रायपॉड. हलका, डुगडुगणारा घेऊ नका.
३. जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डे, रेनकव्हर, सिलिका जेलचा डबा.
४. ५० मिमी एफ/१.८. स्वस्त, हलकी आणि कमी उजेडात कामाची.
५. पोलरायझर.
६. शेकरू-पक्ष्यांची ओढ लागली तर ७०-३०० मिमी.
७. नवा कॅमेरा सगळ्यात शेवटी, जुन्यात नेमके काय कमी पडते ते एका वाक्यात सांगता आले तरच.

घराजवळची एकच जागा निवडा, एखादे लेणे, धरणाचा काठ किंवा आठवडी बाजार. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत, सकाळी आणि संध्याकाळी तिथे जा. वर्षअखेरीस त्यातले दहा फोटो निवडून कागदावर छापा आणि ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांना एकेक प्रत नेऊन द्या.